मागच्या रांगेतले दुखणे



जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यात मागे, दाराजवळ कोण बसते ते एकदा मान वळवून पाहा. ज्यांनी रास्ता रोकोत लाठ्या खाल्ल्या, तुरुंगातली भाकरी खाल्ली, ती जुनी माणसे तिथे बसतात. पुढे बोलावले तरी येत नाहीत. भाषण रंगात आले की त्यांतला एक उठतो, चप्पल शोधतो आणि बाहेर जातो. पंधरा मिनिटांनी येतो, अर्ध्या तासाने पुन्हा जातो. पोरे म्हणतात, म्हाताऱ्यांना आता चळवळीत रस राहिला नाही.

रस राहिला आहे. लघवी राहत नाही. खरे सांगायचे तर लघवी आत राहते, पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लागते. बैठकीला यायचे म्हणून या माणसांनी सकाळपासून पाणी सोडलेले असते. एस.टी. मध्ये कुठे थांबेल याचा हिशोब करीत ती आलेली असतात. कापसाच्या भावावर आपण घसा कोरडा होईपर्यंत बोलतो. या दुखण्यावर आजवर एकाही बैठकीत कोणी तोंड उघडलेले नाही. म्हणून या अंकात आम्ही ते उघडले आहे. ज्यांना लाज वाटेल त्यांनी पान उलटावे. पण घरात साठीचा पुरुष असेल तर उलटू नये.

चोंदलेली नळी

लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, जिथून लघवीची नळी सुरू होते तिथे, त्या नळीला वेढून प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती न उकललेल्या बोंडाएवढी असते. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम. चाळिशी-पन्नाशीनंतर ती वाढू लागते. पन्नास ते साठ वयाच्या निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि वयाबरोबर हे प्रमाण चढत जाते. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. पण वाढलेली ग्रंथी नळी दाबू लागली की काय होते ते पेरणी करणाऱ्याला सांगायला नको. तिफणीची नळी मातीने चोंदली की चाड्यात मूठभर ज्वारी असूनही बी खाली पडत नाही. बैलांचा दोष नसतो, चाडे धरणाऱ्या बाईचाही नसतो. नळी मोकळी करावी लागते, एवढेच.

ही वाढ साधी असते. ती म्हणजे कर्करोग नव्हे आणि पुढे तिचा कर्करोग होतो असेही नाही. कर्करोग त्याच ग्रंथीत होतो, पण तो वेगळा रोग आहे. या दोन रोगांची गल्लत करून किती घरे नागवली जातात ते पुढे येईलच.

पहिला सावकार : शरम

"वय झालं, चालायचंच," हे वाक्य गावातला म्हातारा बोलतो, त्याचा मुलगा बोलतो आणि कधी कधी दवाखान्यातला डॉक्टरही बोलतो. हे वाक्य म्हणजे आपला पहिला सावकार. तो मुद्दल मागत नाही, पण व्याज रोज चढवतो. पिशवीत लघवी साचून राहते, तिच्यात जंतू होतात, खडे होतात. पिशवीचे स्नायू थकतात. साचलेल्या लघवीचा दाब उलटा वर चढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि एखाद्या रात्री, बहुधा सर्दीची गोळी घेतलेल्या रात्री, लघवी एकदम बंद होते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये अशी औषधे असतात की ती या आजारात लघवी अडवतात. हे दुकानदार सांगत नाही. गोळीच्या पाकिटावर बारीक इंग्रजीत लिहिलेले असते.

या सावकाराचे खाते तपासायला पैसा लागत नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी सात प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. गेल्या महिनाभरात : लघवी झाल्यावर पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असे किती वेळा वाटले? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली? लागल्यावर धरून ठेवणे अवघड गेले? धार बारीक झाली? सुरुवातीला जोर करावा लागला? आणि रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागले? पहिल्या सहा प्रश्नांना 'कधीच नाही' पासून 'जवळजवळ नेहमी' पर्यंत शून्य ते पाच गुण द्यायचे. सातव्याला जितक्या वेळा उठलात तितके, जास्तीत जास्त पाच. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास हलका, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र.

सहावी शिकलेली नात आजोबांना हे प्रश्न विचारू शकते. मग दवाखान्यात हे का विचारत नाहीत? कारण प्रश्नांचे बिल करता येत नाही.

दुसरा सावकार : यंत्राची भुरळ

आता आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय अडुसष्ट, साडेपाच एकर कोरडवाहू. २०२४ च्या दिवाळीत कापसाचा पहिला वेचा सुरू असताना त्यांची लघवी रात्री अडली. जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. नळी घातली, पिशवी लटकवली, दादांच्या जिवात जीव आला. इथपर्यंत सगळे बरोबर झाले.

खरे म्हणजे यानंतर टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहायची असते. अशा पुष्कळ रोग्यांची लघवी पुन्हा सुरू होते. दादांना ते कोणी सांगितले नाही. "शहरात दाखवा" म्हणाले. शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली. आकडा मोठा आला. "कॅन्सर असू शकतो," असे म्हटल्यावर घरात चूल पेटली नाही. एमआरआय झाला, सुया टोचून गाठीचे तुकडे काढले, दोन दिवस भरती राहावे लागले. सगळे मिळून ४८ हजार रुपये. त्या आठवड्यात व्यापाऱ्याने कापूस ६,९०० ने मागितला, हमीभाव लांब धाग्याला ७,५२१ असताना. दादांनी सात क्विंटल तसाच देऊन टाकला. दोन एकरांचे वर्ष गेले.

तुकड्यांत कर्करोग निघाला नाही. घरात आनंद झाला. पण लघवीची नळी तशीच होती आणि ज्या ऑपरेशनची खरी गरज होती त्यासाठी पैसा उरला नव्हता. दादा पाच महिने कमरेला पिशवी बांधून वावरात गेले. वहिनी रोज ती रिकामी करीत होत्या. दोनदा ताप भरला. शेवटी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, सरकारी योजनेत, दुर्बिणीने ऑपरेशन झाले. तिथल्या तरुण डॉक्टरने जुने कागद चाळले आणि विचारले, "लघवी तुंबलेली, नळी नुकतीच घातलेली, त्यात जंतू झालेले, अशा वेळी पीएसए केलीच का? ती वाढलेलीच येणार. सहा आठवडे थांबून करायची होती."

सहा आठवडे थांबायला एक पैसा पडला नसता. न थांबल्याचे ४८ हजार पडले. शहरात दादांना बोटाने तपासणाराही कोणी भेटला नाही. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपणे ही मिनिटभराची तपासणी आहे. ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी, हे बोटाला कळते. जो डॉक्टर रोग्याला हात न लावता यंत्राकडे पाठवतो तो आणि रान न पाहता बियाण्याची पिशवी हातात देणारा दुकानदार, दोघेही एकाच बाजारातले.

यंत्राशी आमचे वैर नाही

आमचे म्हणणे कोणी वाकडे करू नये. यंत्र नको, जडीबुटी बरी, असे आम्ही म्हणत नाही. जडीबुटीवाल्याने बसवलेल्यांची यादी याहून लांब आहे. यंत्र कशासाठी आणि कधी, एवढेच आम्ही विचारतो.

सोनोग्राफी दोन गोष्टी सांगते : ग्रंथी किती मोठी आहे आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते. दुसरा आकडा महत्त्वाचा. तो कागदावर नसेल तर मागून घ्या. धारेचा वेग मोजणारे साधे यंत्र असते. सेकंदाला दहा मिलिलिटरपेक्षा कमी धार असेल तर बहुधा अडथळा आहे. मध्यम त्रासाच्या पुष्कळ लोकांना एवढ्यावर गोळ्या सुरू करता येतात. एक जात नळीभोवतीचे स्नायू सैल करते, दुसरी काही महिन्यांत ग्रंथी आक्रसवते. ३,०४७ पुरुषांवर झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, दोन्ही जाती एकत्र घेणाऱ्यांत आजार पुढे जाण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र पहिल्या जातीच्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूच्या शिबिरात जाल तेव्हा ती गोळी घेतो हे डोळ्याच्या डॉक्टरला आधी सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली ढिली पडते. दुसऱ्या जातीच्या गोळीने पीएसएचा आकडा सुमारे निम्मा होतो, तेही सांगा.

पीएसएबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७० साली प्रोस्टेटमधल्या या पदार्थाचा शोध ज्यांनी जाहीर केला त्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० साली अमेरिकेतल्या वृत्तपत्रात लिहून सरसकट तपासणीच्या धंद्यावर कोरडे ओढले. त्यांचा मुद्दा साधा होता : ही तपासणी कर्करोग ओळखत नाही, प्रोस्टेटची खळबळ ओळखते. म्हणून आकडा वाढला की धावत सुटायचे नाही, कारण पाहून पुन्हा करायचा.

दुसऱ्यांदाही वाढलेला आला तर एमआरआयचे काम सुरू होते आणि तिथे ते यंत्र खरेच गुणाचे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांच्या अभ्यासात दिसले की, आधी एमआरआय केला तर चारातल्या एकाला सुया टोचायची गरजच पडणार नाही. पूर्वी अंदाजाने सुया टोचत. आता संशयाची जागा पाहून टोचता येतात. वेळेवर वापरले तर यंत्र रोग्याचा त्रास वाचवते आणि अवेळी वापरले तर कापूस विकायला लावते. यंत्र तेच.

दुर्बीण, लेसर आणि रोबो

गोळ्यांनी भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा अडत असेल, खडे झाले असतील, मूत्रपिंडावर ताण आला असेल, तर ऑपरेशन टाळू नये.

या ऑपरेशनचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे. पीटर फ्रेअर नावाचा आयरिश शल्यचिकित्सक गोऱ्या सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीस वर्षे होता. उत्तर हिंदुस्थानातल्या रयतेच्या मूतखड्यांवर त्याचा हात बसला. मग तो लंडनला गेला आणि १९०० साली त्याने पोट उघडून, पिशवीतून वाढलेली ग्रंथी काढण्याचे ऑपरेशन सुरू केले. हात इथे तयार झाला, ऑपरेशन तिथे पोचले. कच्चा माल आणि पक्का माल यांची ही गोष्ट कापूसवाल्यांना नवी नाही.

पुढे पोट न फाडता लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतली वाढ खरवडण्याची पद्धत आली. आपण जिला दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतो ती हीच. कमरेत इंजेक्शन देऊन करतात, बाहेर टाका नसतो. जुन्या पद्धतीत खारे पाणी चालत नसे. वेगळा द्रव वापरावा लागे आणि तो रक्तात शिरून शरीरातले मीठ घटण्याचा धोका असे. नव्या, बायपोलर यंत्रात मिठाचेच पाणी वापरतात, म्हणून तो धोका टळतो. तिसरी पद्धत होल्मियम लेसरची. संत्र्याची फोड सालीपासून सोडवावी तशी वाढलेली गाठ आतून सोडवून काढतात. मोठ्या ग्रंथीलाही ती चालते, रक्त कमी जाते, नळी लवकर निघते. ही पद्धत कोठे घडली? न्यूझीलंडमधल्या टौरंगा नावाच्या बंदरगावात, पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून, १९९० च्या दशकात. लंडनमध्ये नाही, न्यूयॉर्कमध्ये नाही. म्हणून "हे सगळं मोठ्या शहरातच होतं" असे जिल्ह्याचा कोणी साहेब म्हणाला तर त्याला टौरंगाचे नाव सांगा. शिकलेला हात आणि चालू यंत्र लागते, महानगर लागत नाही.

पण लेसर या शब्दालाही भुलू नका. मध्यम आकाराच्या ग्रंथीला बायपोलर दुर्बिणीने उत्तम गुण येतो. कोणत्या यंत्रावर डॉक्टरचा हात बसलेला आहे ते विचारा. एक गोष्ट डॉक्टर संकोचाने सांगत नाहीत, ती आम्ही सांगतो : दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुष्कळांचे वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाते. त्याने अपाय होत नाही आणि पुरुषपण जात नाही. हे आधी कळले तर नंतर घरात भांडण होत नाही.

गाठ कर्करोगाची असेल तर

तेव्हाही सगळ्यांना एकच औषध नसते. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : एकावर नजर ठेवली, दुसऱ्याचे ऑपरेशन केले, तिसऱ्याला किरणे दिली. पंधरा वर्षांनंतर, २०२३ साली निकाल आला. या कर्करोगाने मेलेले तिन्ही गटांत शंभरामागे तीनच्या आसपास. म्हणजे अशा पुष्कळ रोग्यांना विचार करायला वेळ असतो. उद्याच्या उद्या वावर विकण्याची घाई ज्याला आहे, त्याची घाई रोगापायी नसते.

रोबोचेही तसेच. रोबो स्वतः कापत नाही. बाजूला बसलेला शल्यचिकित्सक त्याचे हात चालवतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला कर्करोगाच्या रोग्यांत रोबो आणि उघडे ऑपरेशन यांची चिठ्ठी टाकून तुलना झाली. रोबोने रक्त कमी गेले, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, हे कबूल. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक शक्ती यांत फरक दिसला नाही, ना बारा आठवड्यांनी, ना दोन वर्षांनी. पीएसएमए पेट स्कॅन हे नवे यंत्र कर्करोग कोठे पसरला ते जुन्या स्कॅनपेक्षा चांगले दाखवते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्याच ३०२ रोग्यांच्या चाचणीत त्याची अचूकता ९२ टक्के आणि जुन्या पद्धतीची ६५ टक्के निघाली. पण तो जोखमीच्या कर्करोगासाठी आहे, साध्या वाढीसाठी नाही.

आपल्याकडे दुसरे टोकही आहे. पाठीची, कमरेची हाडे ठणकायला लागेपर्यंत माणूस येतच नाही. अशा पसरलेल्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक थांबवतात. हे १९४१ पासून माहीत आहे आणि त्या शोधासाठी चार्ल्स हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले. ते थांबवायला महिनोन्महिने महागडी इंजेक्शने घेता येतात किंवा एकदाच लहानसे ऑपरेशन करून अंडकोश काढता येतात. संप्रेरक दोन्हींनी थांबते. नव्या गोळ्या जोडायच्या का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण स्वस्त पर्याय आहे हे रोग्याला सांगितलेच पाहिजे. न सांगणे म्हणजे वजनात मारणे.

आमचे मागणे

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. कागद चांगला आहे. कागदाने लघवी सुटत नाही. म्हणून या बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवतो :

एक. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मूत्ररोग शल्यचिकित्सकाचा दिवस ठरलेला असावा. बायपोलर दुर्बीण असावी आणि ती चालू असावी.

दोन. ज्याला लघवीची नळी घातली त्याच्या हातात त्याच दिवशी मराठीत कार्ड द्यावे : नळी कधी घातली, काढून केव्हा पाहायची, न जमल्यास ऑपरेशन कोणत्या तारखेला. तारखेशिवाय नळी नाही.

तीन. ग्रामीण रुग्णालयात बोटाची तपासणी, उरलेल्या लघवीची सोनोग्राफी आणि या आजाराच्या गोळ्या मिळाव्यात.

चार. पीएसए, एमआरआय, बायोप्सी सुचवणाऱ्याने कारण लिहून द्यावे आणि खर्च आधी सांगावा.

हे झाले सरकारचे आणि डॉक्टरांचे. आता आपले. पुढच्या बैठकीपासून दर तासाला दहा मिनिटांची सुट्टी राहील. सभागृहाजवळ मुतारी नसेल तर ते सभागृह आपण घेणार नाही. ते सात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले जातील, मायबहिणींसमोर, कारण पिशवी रिकामी करायची वेळ त्यांच्यावरच येते. आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या जुन्या माणसांसाठी राखलेल्या असतील. त्यांना मध्येच उठावे लागले तर उठू द्या. वक्ता थांबेल.